आद्याक्षरांची साक्ष

कोडें घालणें आणि कोडें सोडविणें ह्या दोन कला मनुष्याला फार प्राचीन काळापासून अवगत आहेत. त्यांच्याइतकीच जुनी, परंतु तितकी परिचित नसलेली, अशी एक तिसरी कला आहे. सुटलेल्या अनेक कोड्यांतून, किंवा वाचून झालेल्या अनेक पद्यांतून, त्या सर्वांचें मिळून एकच अखेरचें उत्तर बाहेर काढणें, ही ती कला होय. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेंत इ. स. १९८१ पासून दर जानेवारींत कोड्यांची एक मोठी शोधयात्रा भरत आलेली आहे. तींत भाग घेणाऱ्या मंडळींना अनेक कोडीं सोडवावीं लागतात. पण तेवढ्यानें त्यांचें काम संपत नाहीं. सुटलेल्या कोड्यांच्या उत्तरांतून पुनः एक उत्तर काढावें लागतें, आणि तें सांपडलें म्हणजेच लपवून ठेवलेल्या एका नाण्याचा माग लागतो. हें अखेरचें उत्तर काढण्याच्या कांहीं रीती आतां ठरून गेल्या आहेत. कधीं उत्तरांचीं पहिलीं अक्षरें ओळीनें घ्यावयाचीं. कधीं दिलेल्या आंकड्याबरहुकूम मोजून तेवढेंच अक्षर उचलावयाचें. कधीं जें अक्षर मुद्दाम गाळलें आहे त्याचाच शोध करावयाचा. तर कधीं एका उत्तराचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशीं जुळवून सर्वांचा क्रम लावावयाचा.

ह्या युक्त्या पाश्चात्त्यांच्या करमणुकींतून नव्यानेंच निघाल्या असाव्यात, अशी कित्येकांची समजूत होण्याचा संभव आहे. परंतु पुणें जिल्ह्यांतील बारामती ह्या गांवीं, कऱ्हा नदीच्या कांठीं, अठराव्या शतकांत एका महाराष्ट्रकवीनें ह्यांपैकीं बहुतेक युक्त्या आपल्या काव्यांत वापरल्या होत्या. तो कवि म्हणजे मोरोपंत. त्यानें त्या कशा वापरल्या, हें पाहणें मनोरंजक तर आहेच. पण त्या निमित्तानें एका अधिक महत्त्वाच्या प्रश्नाचा विचार करतां येतो. अक्षरांच्या गर्दींतून काढलेलें उत्तर हें कवीनें ठेवलेलें उत्तर आहे, कीं वाचकाच्या कल्पनेनें निर्माण केलेलें आहे, हें ओळखावयाचें कसें? काव्याच्या रसिकाला हा प्रश्न जितका लागू, तितकाच तो इतिहासाच्या अभ्यासकालाहि लागू आहे.

मोरोपंत पराडकर ह्यांचा जन्म इ. स. १७२९ मध्यें पन्हाळगडावर झाला. तेथें केशव पाध्ये व गणेश पाध्ये ह्या विद्वानांपाशीं त्यांचें संस्कृताचें अध्ययन झालें. पुढें तारुण्यांत ते बारामतीस आले आणि बाबूजी नाईक जोशी ह्यांच्या आश्रयानें तेथेंच स्थायिक झाले. हे बाबूजी नाईक म्हणजे पेशवाईंतील एक बडे सावकार. त्यांचे बंधु आबाजी नाईक ह्यांना बाळाजी विश्वनाथाची कन्या भिऊबाई दिलेली होती. पहिला बाजीराव इ. स. १७४० मध्यें वारला, तेव्हां नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं पेशवेपदासाठीं बाबूजी नाइकांचें नांव पुढें केलें होतें. पण तें पद नानासाहेबांकडे गेलें. राजकारणांतील नाइकांची ती खटपट फसली. मात्र त्यांच्या वाड्यांत पुराण सांगणाऱ्या पंडिताला जें स्वास्थ्य मिळालें, त्याचें फळ मराठी वाङ्मयाला लाभलें. इ. स. १७९४ मध्यें पंत निवर्तले, तोंपर्यंत त्यांची रचना पाऊण लाखाच्या घरांत गेली होती असें मानतात.

बारामतीचा हा मुलूख पोथी-पुराणाला आणि कीर्तनाला अनुकूल असाच होता. कऱ्हा बारामतीवरून पुढें वाहत जाऊन नीरेस मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोंकाला नरसिंहपूर येथें भीमेशीं संगम पावते. देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी आजहि बारामतीवरून इंदापुराकडे आणि तेथून पंढरपुराकडे जाते. एका बाजूला पंढरीची वाट आणि दुसऱ्या बाजूला नरसिंहाचें क्षेत्र, अशा ह्या टापूंत ऐकणाऱ्यांची वाण कधींच नव्हती. पंतांच्या आर्या हरिदासांच्या तोंडीं बसल्या आणि कीर्तनांतून महाराष्ट्रभर पसरल्या. पण कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला त्या काव्यांतील एक गोष्ट सहसा कळत नसे. ती फक्त पोथी समोर घेऊन बसणाऱ्या वाचकासाठींच होती.

पंतांनीं रामकथा एकदां सांगून समाधान मानलें नाहीं. त्यांनीं १०८ रामायणें रचलीं, अशी प्रसिद्धि आहे. जपमाळेचे मणी १०८, म्हणून रामायणेंहि तितकींच. त्यांपैकीं बरींचशीं उपलब्ध असून छापून प्रसिद्धहि झालीं आहेत. तीच ती कथा इतक्या वेळां सांगावयाची, तर प्रत्येक वेळीं कांहीं नवा निर्बंध कवीनें स्वतःवर घालून घेतला पाहिजे. हा निर्बंध कधीं वृत्ताचा असे, तर कधीं अक्षराचा. अक्षराच्या निर्बंधाचा ठळक नमुना म्हणजे ‘मंत्ररामायण’. ह्या काव्यांतील पद्यांचीं आद्याक्षरें क्रमानें घेत गेलें असतां ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा त्रयोदशाक्षरी मंत्र सिद्ध होतो. ‘मंत्रभागवत’ ह्या काव्यांतहि हीच योजना असून तेथें ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’ हा द्वादशाक्षरी मंत्र गोवलेला आहे.

येथें अक्षर म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. इंग्रजींत अशी रचना करणारा सुटा वर्ण घेतो. देवनागरींत स्वरासह उच्चारला जाणारा पूर्ण अवयव घ्यावा लागतो. ‘श्री’ ह्यांत श, र आणि ई असे तीन वर्ण असले तरी मंत्रांत तें एकच अक्षर. ह्या हिशेबानें तेरा अक्षरांच्या मंत्रांत निरनिराळीं अक्षरें पांचच आहेत: ‘श्री’ एकदां, आणि ‘रा’, ‘म’, ‘ज’, ‘य’ हीं प्रत्येकीं तीनदां. पद्यागणिक एक अक्षर धरलें म्हणजे तेरा पद्यांत मंत्राचें एक आवर्तन होतें. ‘रा’ पासून आरंभ करणें रामकथेंत सोपें. राम, राघव, राजा, राक्षस, रावण असे शब्द पावलोपावलीं हाताशीं असतात. ‘ज’ ला जनक आणि जटायु आहेत. खरी अडचण ‘य’ ची. प्राकृतांत शब्दारंभींच्या ‘य’ चा ‘ज’ होत गेल्यामुळें मराठींत ‘य’ नें सुरू होणारे शब्द थोडे. यज्ञ, यश, यत्न, यम अशा संस्कृत शब्दांचाच आधार घ्यावा लागतो. पंतांची भाषा संस्कृतप्रचुर असल्याबद्दल त्यांना पुष्कळ दोष देण्यांत आला आहे. त्या दोषाचा थोडा तरी वांटा अशा निर्बंधांकडे जातो, हें त्यांच्या टीकाकारांनीं विसरूं नये.

आजच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पद्य नव्या ओळीवर येतें. त्यामुळें डाव्या समासावरून बोट खालीं नेलें कीं मंत्र वाचतां येतो. जुन्या पोथींत तशी सोय नव्हती. तेथें ओळी अखंड लिहिलेल्या असत. पद्य संपल्याची खूण म्हणजे दोन उभे दंड आणि आंकडा. वाचकाला प्रत्येक आंकड्याच्या पुढचें अक्षर शोधून टिपावें लागे. कानानें ऐकणाराला हें साधणें त्याहून कठीण. पंतांच्या आर्या बहुतांशीं गीति जातीच्या आहेत. म्हणजे बारा, अठरा, बारा, अठरा अशा साठ मात्रा उच्चारून झाल्यावर पुढचें आद्याक्षर यावयाचें. इतक्या अंतरानें येणारीं तेरा अक्षरें स्मरणांत गुंफीत कथाहि ऐकावयाची, हें सामान्य श्रोत्याचें काम नव्हे. ह्यावरून असें दिसतें कीं, उत्तर काढण्याची रीत ही त्या ग्रंथाच्या लेखनपद्धतीवर आणि वाचनपद्धतीवर अवलंबून असते. एकाच काव्यानें ऐकणाराला कथा दिली आणि वाचणाराला कथेबरोबर जपहि दिला.

दुसरी रीत सांखळीची. ‘दामरामायण’ ह्या नांवांतील दाम शब्दाचा अर्थ माळ असा आहे. ह्यांत एका पद्याचा शेवट आणि पुढच्या पद्याचा आरंभ परस्परांशीं अक्षरांनीं जोडलेला असतो. अशा काव्याचीं पानें विस्कटलीं तरी त्यांचा क्रम पुनः लावतां येतो, आणि मधलें एखादें पद्य गळालें तर सांखळी तेथेंच तुटलेली दिसते. छापखाने नव्हते त्या काळीं ग्रंथाचें आयुष्य नकलकाराच्या हातीं असे. त्याच्या हातून ओळ गळे, पद्य पुढेंमागें होई, क्वचित् एखादा उत्साही गृहस्थ पदरचें पद्यहि घालून देई. आद्याक्षरांचा मंत्र आणि अंत्याक्षरांची सांखळी हीं अशा वेळीं पहारेकऱ्याचें काम करतात. एक पद्य कमी झालें तर मंत्राचें एक अक्षर हरवतें. एक अधिक झालें तर मंत्र अडखळतो. पंतांनीं ह्याच हेतूनें ही योजना केली असें म्हणण्याची आवश्यकता नाहीं. परिणाम मात्र तोच होतो.

तिसरी रीत अधिक चमत्कारिक आहे. ‘निरोष्ठरामायण’ ह्यांत ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. म्हणजे प, फ, ब, भ, म हीं व्यंजनें नाहींत. आणि नियम काटेकोर पाळावयाचा तर उकार, ओकार आणि दंतोष्ठ्य ‘व’ हेहि टाळावे लागतात. मौज अशी कीं, ज्याची कथा सांगावयाची त्याचें ‘राम’ हें नांवच ह्या नियमानें बाहेर जातें. ‘राघव’ चालत नाहीं, ‘रघुनाथ’ चालत नाहीं. उरतात तीं जानकीनाथ, सीताकांत अशा वळणाचीं नांवें. मंत्ररामायणांत जें अक्षर आहे तें टिपावयाचें, तर येथें जें नाहीं तें ओळखावयाचें. आणि त्याची परीक्षा वाचतांना ओठ मिटतात कीं नाहीं एवढ्यावरच होते. ह्या युक्तीचा पूर्वज संस्कृतांत आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’ंत मंत्रगुप्त नांवाचा कुमार आपली हकीकत एकाहि ओष्ठ्य वर्णावांचून सांगतो. त्याचा ओठ दुखावलेला असतो, हें कारण कवीनें कथेंतच घालून दिलें आहे.

ही सगळी विद्या पंतांच्या हातीं परंपरेनेंच आलेली होती. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’ंत ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत प्रहेलिका आहे, अक्षरमुष्टिकाकथन आहे आणि गुप्त लेखनाचें म्लेच्छितविकल्प हेंहि आहे. दंडीनें ‘काव्यादर्शा’ंत सोळा प्रकारच्या प्रहेलिका वर्णिल्या. धर्मदासाचा ‘विदग्धमुखमंडन’ हा तर केवळ कूटरचनांचाच ग्रंथ. आपल्या शास्त्रकारांनीं कूटांचे दोन मुख्य भेद मानले: ज्याचें उत्तर श्लोकाच्या अक्षरांतच दडलेलें असतें ती अंतर्लापिका, आणि ज्याचें उत्तर श्लोकाबाहेर, वाचकाच्या ज्ञानांत, शोधावें लागतें ती बहिर्लापिका. माघाच्या ‘शिशुपालवधा’ंत एकोणिसाव्या सर्गाच्या अखेरीस चक्रबंध आहे. तो श्लोक चाकाच्या आकृतींत मांडून वर्तुळांवरील अक्षरें वाचलीं म्हणजे कवीचें आणि काव्याचें नांव बाहेर येतें. ही अंतर्लापिकेच्याच कुळांतील युक्ति. पंतांच्या ‘केकावली’ ह्या काव्याचें नांव मात्र बहिर्लापिकेच्या जवळ जातें. केका म्हणजे मोराचा शब्द. तो शब्द करणारा मयूर, आणि मयूर म्हणजेच मोरोपंत. येथें अक्षरें मोजून उपयोग नाहीं. अर्थावरूनच नांव काढावें लागतें.

खुद्द वाल्मीकिरामायणासंबंधीं अशीच एक परंपरा आहे. त्याचे श्लोक चोवीस हजार, गायत्रीमंत्राचीं अक्षरें चोवीस. दर हजारांच्या आरंभींच्या श्लोकांतून एकेक अक्षर घेतलें म्हणजे गायत्री सिद्ध होते, असें श्रद्धाळू वाचक मानीत आले आहेत. ही आंकड्याबरहुकूम अक्षर उचलण्याची रीत झाली. परंतु रामायणाचे पाठ प्रांतपरत्वें भिन्न आहेत, त्यांतील श्लोकसंख्या सारखी नाहीं, आणि बडोद्याच्या संशोधित आवृत्तींत तर ती प्रचलित पाठांहून बरीच कमी भरते. मोजणीचा पायाच हालता असल्यामुळें एका पाठांत जेथें इष्ट अक्षर येतें, तेथें दुसऱ्या पाठांत तें येईलच असें नाहीं. भक्ताला ह्यानें बाध येत नाहीं. पण पुरावा म्हणून ही गायत्री पुढें करणाराला हा आक्षेप टाळतां येणार नाहीं.

येथेंच मूळ प्रश्नाकडे वळलें पाहिजे. काढलेलें उत्तर खरें केव्हां मानावें? मंत्ररामायणाच्या उदाहरणावरून तीन कसोट्या सांगतां येतात. पहिली, अक्षरें निवडण्याचा नियम एकच असावा आणि तो सोयीप्रमाणें बदलूं नये. दुसरी, निघालेल्या उत्तराचा ग्रंथाच्या विषयाशीं सहज संबंध असावा. तिसरी, उत्तर शोधावें अशी सूचना ग्रंथानेंच कोठें तरी दिलेली असावी. पंतांच्या काव्यांत नियम पद्यारंभाचा आहे. उत्तर रामाचाच मंत्र आहे. आणि ग्रंथाचें नांवच मंत्ररामायण असल्यामुळें कुलपाची किल्ली दारावरच टांगलेली आहे. तिन्ही कसोट्यांस उतरणाऱ्या अशा उत्तराविषयीं शंका घेण्यास जागा राहत नाहीं.

आतां ह्याच्या शेजारीं एक सर्वश्रुत गोष्ट ठेवून पाहावी. समर्थ रामदासांच्या नांवावर असलेल्या एका लहानशा काव्याच्या चरणांचीं आद्याक्षरें जुळविलीं असतां ‘विजापूरचा सरदार निघाला आहे’ असें वाक्य तयार होतें. अफझलखान चालून येत असल्याची गुप्त सूचना समर्थांनीं ह्या काव्यानें शिवाजीमहाराजांस दिली, असें परंपरा सांगते. आणि पाठशाळेंतील मुलांपासून व्याख्यात्यांपर्यंत अनेकांनीं ही गोष्ट आवडीनें सांगितलेली आहे. ह्या काव्याला वरील कसोट्या लावल्या तर काय दिसतें? नियम एकच आहे. चौदा अक्षरांचें सरळ मराठी वाक्य योगायोगानें जुळून येणें शक्य नाहीं. म्हणजे हें वाक्य रचणारानें हेतुपुरस्सर रचलें, एवढें निर्विवाद ठरतें. परंतु तें कोणीं रचलें आणि केव्हां रचलें, ह्या प्रश्नांना आद्याक्षरें उत्तर देत नाहींत. अफझलखानाचा वध इ. स. १६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाखालीं झाला. त्याच्या आधीं रचलेलें काव्य आणि पुढें कोणी भाविकानें त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ रचलेलें काव्य, ह्या दोहोंचीं आद्याक्षरें तंतोतंत सारखींच असूं शकतील. शिवाय समर्थांची आणि महाराजांची पहिली भेट इ. स. १६४९ मध्यें झाली कीं १६७२ मध्यें, ह्याविषयीं संशोधकांत मोठा वाद झालेला आहे. आणि ज्यांना नंतरचें साल मान्य आहे त्यांना हें काव्य पुरावा म्हणून पत्करणें अवघडच जाणार.

ह्यांत कोणाच्या श्रद्धेचा अधिक्षेप नाहीं. गुप्त अक्षरें काय सिद्ध करतात आणि काय सिद्ध करीत नाहींत, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. तीं रचणाराच्या हेतूची साक्ष देतात. रचनेच्या काळाची साक्ष देत नाहींत. काळाची साक्ष कागद, शाई, अक्षराचें वळण, भाषा आणि इतर समकालीन पत्रें ह्यांच्याकडूनच घ्यावी लागते. उत्तर सुंदर जुळलें म्हणजे मन हुरळून जातें आणि ह्या दोन साक्षी एक करून टाकतें. इतिहासाच्या क्षेत्रांत पुष्कळशा भ्रमांचा उगम ह्या हुरळण्यांतच असतो.

उलट, नुसत्या अक्षरांवरून निघालेलें उत्तर भक्कम ठरल्याचेंहि उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. महानुभाव पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत शतकानुशतकें जपून ठेवले होते. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर किंवा चिन्ह योजण्याची ती पद्धति होती. त्यामुळें पोथी हातीं पडली तरी बाहेरच्या माणसाला ती वाचतां येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं त्या लिपीचा उलगडा करून दाखविला, आणि जुन्या मराठी गद्याचें एक मोठें दालन अभ्यासकांना खुलें होऊं लागलें. किल्ली खरी होती हें कशावरून? एकच किल्ली एका ओळीपुरती न चालतां पानामागून पानें उलगडीत गेली, आणि त्यांतून सुसंगत मराठी निघत गेली, ह्यावरून. जें उत्तर एका जागीं जुळतें त्यापेक्षां जें सर्व जागीं जुळतें तें अधिक विश्वसनीय, हा धडा त्यांतून मिळतो.

ह्या धड्याचें महत्त्व न्यायसभेलाहि पटलेलें आहे. स्वातंत्र्याच्या आगेंमागें मुंबई प्रांतांत बक्षिसाच्या शब्दकोड्यांचें वेड मोठें होतें. त्यांवर नियंत्रण ठेवण्यासाठीं मुंबई सरकारनें इ. स. १९४८ मध्यें कायदा केला. इ. स. १९५५ मध्यें मध्यवर्ती कायदा होऊन महिन्याकाठीं बक्षिसांची रक्कम एक हजार रुपयांहून अधिक असूं नये, असें बंधन आलें. मुंबईच्या कायद्यासंबंधीं बंगळुरांतून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या स्पर्धेचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें जाऊन इ. स. १९५७ मध्यें त्याचा निकाल लागला. अशा कोड्यांत एका सूचनेला दोन शब्द सारखेच योग्य असत, आणि त्यांपैकीं कोणता ‘बरोबर’ हें चालकांनीं आधींच ठरवून मोहोरबंद करून ठेवलेलें असे. सोडविणाराचें ज्ञान तेथें पुरें पडत नसे, नशिबावरच हवाला. न्यायालयानें अशा स्पर्धेची गणना जुगारांत केली आणि तिला व्यापारस्वातंत्र्याचें संरक्षण नाहीं असें ठरविलें. पंतांच्या पोथींत आणि ह्या स्पर्धांत हाच भेद आहे. पोथीचें उत्तर सांपडल्यावर वाचकाला कोणाला विचारावें लागत नाहीं. त्या उत्तराचा खरेपणा त्यांतच असतो. स्पर्धेचें उत्तर मात्र पुढच्या अंकाची वाट पाहिल्यावांचून खरें ठरत नसे.

एवढें झाल्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो लहान नाहीं. अशा अक्षरखेळाला काव्य म्हणावें काय? मम्मटानें ‘काव्यप्रकाशा’ंत चित्रकाव्याला खालची पायरी दिली आहे. एकोणिसाव्या शतकांतील कित्येक टीकाकारांनीं पंतांना कवि न म्हणतां नुसते पद्यकार म्हटलें. आणि त्यांच्या समर्थनार्थ विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’ंत मोरोपंतांच्या कवितेवर विस्तारानें लिहावें लागलें. निर्बंधानें रसाची हानि होते, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. महाराष्ट्राच्या ओठांवर जी ‘केकावली’ राहिली ती तिच्यांतील आर्त प्रार्थनेमुळें. दामरामायण किंवा निरोष्ठरामायण किती जणांनीं वाचलें आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशींच पाहावें. तथापि १०८ रामायणें हीं १०८ काव्यें म्हणून मोजण्यापेक्षां एका जपाचे १०८ मणी म्हणून पाहिलीं, तर त्यांचें स्वरूप अधिक नीट कळतें. जप करणारा प्रत्येक वेळीं नवें कांहीं सांगत नाहीं. तो तेंच नांव पुनः घेतो. मंत्ररामायणाचा वाचक कथेच्या ओघांत पुढें जात असतांना पद्यामागून पद्य त्याच्या मुखांतून मंत्राचें एकेक अक्षर निघत असतें, आणि त्याला तें ठाऊक नसलें तरीहि जप पुरा होतो. उत्तर न काढणाराच्या पदरांतहि तें पडावें, अशी ही व्यवस्था आहे. शोधयात्रेंतील नाणें एकाच चमूला मिळतें. हें नाणें सर्वांना मिळतें.

बारामतीच्या त्या पुराणिकाला आपल्या रचनेची परीक्षा पुढें कोणत्या कसोट्यांनीं होईल, ह्याची कल्पना असण्याचें कारण नव्हतें. त्यानें नियम ठरविला, तो उघड सांगितला आणि अखेरपर्यंत पाळला. उत्तर लपविणारानें एवढें इमान राखलें, तर शोधणाराकडेहि एकच कर्तव्य उरतें: नियमानें जेवढें निघेल तेवढेंच घ्यावें, आणि आवडतें म्हणून त्याहून एक अक्षरहि अधिक काढूं नये.